पेस्ट बदलली की काही दिवस बरं, मग पुन्हा ९५: एआयओ कूलरमधला खरा दोष कसा शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. दोन-तीन वर्षं वापरलेला पीसी, त्यात २४० किंवा ३६० मिलिमीटर रेडिएटरचा एआयओ लिक्विड कूलर, म्हणजे पंप, पाइप आणि रेडिएटर एकत्र जोडून आलेला सीलबंद पाण्याचा कूलर. रेंडर लावला की सीपीयू ९५ अंशांना जाऊन टेकतो, पंखे बोंबलायला लागतात, क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली येतो. दुकानात नेलं की थर्मल पेस्ट, म्हणजे सीपीयू आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप, बदलून मिळते. काही आठवडे ठीक चालतं आणि परत तेच सुरू. मग कोणीतरी महागातली पेस्ट सुचवतो. पुन्हा थोडे दिवस बरं, पुन्हा ९५.

बऱ्यापैकी पेस्ट नीट लावली असेल तर ती काही वर्षं सहज काढते, महिन्यात वाळत नाही. मग ती बदलल्यावर फरक पडतो कसा? कारण बदलताना कॅबिनेट आडवा होतो, रेडिएटर हलतो, पंपाशी अडकलेला हवेचा बुडबुडा जागा सोडतो, ब्लॉकमध्ये (कूलरच्या सीपीयूवर बसणाऱ्या भागात) बसलेला गाळ थोडा सुटतो आणि जाता जाता ब्लोअरही मारला जातो. फरक यातल्या कशानेही पडलेला असू शकतो, नाव मात्र पेस्टचं होतं. मी नागपुरात एडिटिंग आणि थ्रीडीवाल्यांच्या मशीन बांधतो आणि दुरुस्त करतो. माझ्याकडे अशा मशीन येतात तेव्हा पेस्टची ट्यूब मी सगळ्यात शेवटी उघडतो.

एका आकड्याने निदान होत नाही

सीपीयूचं तापमान हा एकच आकडा बघून एआयओबद्दल काहीच ठरवता येत नाही. उष्णतेला दोन टप्पे पार करायचे असतात: आधी सीपीयूमधून लिक्विडमध्ये, नंतर लिक्विडमधून खोलीतल्या हवेत. पहिल्या टप्प्यात पेस्ट, ब्लॉकची पकड, तांब्याच्या प्लेटवरच्या बारीक फिन्स (पातळ पट्ट्या) आणि पंप येतात. दुसऱ्यात रेडिएटर, पंखे, धूळ आणि खोलीची हवा. म्हणून दोन फरक काढायचे. लिक्विड खोलीपेक्षा किती गरम आहे, आणि सीपीयू लिक्विडपेक्षा किती गरम आहे. जो फरक वाढलाय, दोष त्या टप्प्यात.

उदाहरण घ्या. खोली ३२, लिक्विड ५२, सीपीयू ९२. इथे लिक्विड खोलीपेक्षा २० अंशांनी वर आहे. ३६० च्या रेडिएटरवर २०० वॅटच्या आसपासच्या लोडला हा फरक साधारण १० ते १५ च्या आत राहायला हवा, म्हणजे गडबड रेडिएटरकडे. आता दुसरी मशीन: खोली ३२, लिक्विड ३८, सीपीयू ९५. रेडिएटर निवांत बसलाय, कारण उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. इथे रेडिएटर कितीही घासूनपुसून लखलखीत केला तरी एक अंशही उतरणार नाही.

खोलीचं तापमान म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातलं नव्हे. साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन तो कॅबिनेटमध्ये हवा जिथून शिरते तिथे ठेवा. टेबलाच्या खणात कोंबलेल्या पीसीच्या तोंडाशी खोलीपेक्षा पाच-सहा अंश जास्त निघालेले मी पाहिलेत. तसं असेल तर कूलरचा काही दोष नाही, पीसी खणातून बाहेर काढा.

लिक्विडचं तापमान बऱ्याच एआयओंच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर मालिकेसारख्या काहींमध्ये तो सेन्सरच नसतो. तिथे एक जुगाड चालतो. अर्धा तास पूर्ण लोड द्या, मग लोड एकदम थांबवा आणि सीपीयूचा आकडा बघत राहा. पहिल्या काही सेकंदांत तो धाडकन पडून एका ठिकाणी रेंगाळतो. लिक्विडचं तापमान त्याहून थोडंसंच कमी असतं. तो आकडा धाडकन पडण्याऐवजी मिनिटं घेत हळूहळू उतरत असेल आणि रेडिएटर हाताला थंड लागत असेल, तर पंपावर संशय घ्या. ब्लॉकमधलं पाणी तिथल्या तिथेच तापत बसलंय.

चाचणी लांब हवी. पाण्याला तापायला वेळ लागतो. लिक्विडचा आकडा स्थिर व्हायला दहा ते वीस मिनिटं सहज जातात. दोन मिनिटांचा बेंचमार्क लावून ‘आता झकास झालं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सिनेबेंच ही चाचणी लागोपाठ चालू ठेवा, बाजूला एचडब्ल्यूइन्फो६४ हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर चालू करून लॉगिंग करा, आणि तापमानाबरोबर सीपीयू पॅकेजचे वॅटही नोंदवा.

वॅट न बघता भांडू नका

हे वॅटचं प्रकरण जरा विस्ताराने सांगतो, कारण इथे निम्मे घोटाळे होतात.

रायझन ७००० मालिकेतले ७९००एक्स, ७९५०एक्स यांसारखे प्रोसेसर पूर्ण लोडला ९५ अंशांपर्यंत जातात ते मुद्दाम. एएमडीने त्यांची रचनाच तशी केलीय: थंडावा उरला असेल तर तो वापरून क्लॉक वाढवायचा. अशा चिपवर नवाकोरा कूलर आणि अर्धा चोंदलेला कूलर, दोन्ही ९५ च दाखवतील. फरक दिसेल तो वॅटमध्ये आणि क्लॉकमध्ये. नवीन असताना ९५ ला २०० वॅट खाणारी चिप आता ९५ ला १५० वर अडकत असेल, तर कूलरची ताकद घटलीय.

इंटेलकडे उलटा प्रकार. कोअर आय९ १४९००के ची अधिकृत टर्बो मर्यादा २५३ वॅट. पण बऱ्याच मदरबोर्डांनी ती मर्यादा ४०९६ वॅट ठेवून दिली होती, म्हणजे मर्यादा नाहीच. तुमचा बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) कोणी अपडेट केला किंवा रीसेट झाला आणि जुनी मर्यादा पुसली गेली, तर चिप रातोरात ६०-७० वॅट जास्त ओढायला लागते. शिव्या मात्र कूलर खातो. दोन चाचण्यांची तुलना करताना वॅट सारखे नसतील तर तुलना फेकून द्या आणि बायोसमध्ये मर्यादा ठरवून पुन्हा मोजा.

आणखी एक फसवा प्रकार: सीपीयू ७० वर आहे, लिक्विड थंड आहे, तरी क्लॉक पडतो. एआयओ लावल्यावर सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमवर (सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागावर) हवा येत नाही. एअर कूलरचा पंखा ते काम फुकटात करत असतो. स्वस्त बोर्डावर मोठी चिप बसवलेली असेल तर व्हीआरएम तापून तोच लगाम खेचतो. मागच्या आणि वरच्या पंख्यांचा वेग वाढवून बघा.

सीपीयू आणि लिक्विडमधला फरक वाढलाय तर

सर्वांत आधी बायोस उघडा. पंपाची वायर कुठल्या हेडरला (बोर्डावरच्या पिनांच्या जोडणीला) आहे ते बघा. ती सीपीयू फॅनच्या हेडरला असेल आणि त्या हेडरवर तापमानानुसार वेग बदलणारा कर्व्ह असेल, तर पंप आयडलला (पीसीला काम नसताना) निम्म्या दमाने फिरतो आणि लोडला दचकत वर-खाली होतो. पंप सतत पूर्ण वेगाने चालायला हवा. बोर्डावर एआयओ पंप नावाचा हेडर असेल तर तिथे लावा, नसेल तर आहे त्या हेडरला फुल स्पीड द्या. ही सेटिंग बायोस अपडेट झालं किंवा बोर्डाचा सेल गेला की पुसली जाते. ‘दर काही महिन्यांनी परत तेच’ या तक्रारीचं हे एक अगदी साधं कारण, आणि दुरुस्तीला दोन मिनिटं लागतात. काही पंपांना पॉवर सप्लायच्या साटा केबलमधून वीज मिळते. तो कनेक्टर केबलच्या ओढीने अर्धवट निघालेला असतो, तोही दाबून बघा.

पंपाचा आरपीएम २८०० दाखवतोय म्हणजे पंप ठीक, असं बरेच जण गृहीत धरतात. तो आकडा पंपाचं चक्र फिरतंय एवढंच सांगतो, पाणी किती वाहतंय हे सांगत नाही. पुढे गाळ असेल किंवा चक्र हवेत फिरत असेल तरी आरपीएम छान दिसतो, हवेत तर उलट वाढतोही.

प्रवाहाचा अंदाज हाताने घेता येतो आणि त्यामागचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर दर ७० वॅटला ते साधारण एक अंश तापतं. २०० वॅटच्या लोडला ब्लॉकमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात तीनेक अंशांचाच फरक हवा. म्हणजे अर्ध्या तासाच्या लोडनंतर दोन्ही पाइप हाताला जवळजवळ सारखेच कोमट लागले पाहिजेत. एक पाइप चटका देतोय आणि दुसरा थंडगार, तर प्रवाह मेलाय किंवा मरायला टेकलाय. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

प्रवाह मरण्याची कारणं मुख्यतः तीन.

पहिलं, हवा. एआयओ सीलबंद असला तरी पाइप रबराचे असतात आणि रबरातून पाण्याचे रेणू वर्षानुवर्षं अगदी सावकाश बाहेर झिरपतात. आत तेवढी पोकळी होते. ही पोकळी रेडिएटरच्या वरच्या टाकीत साचली तर काही बिघडत नाही. पंप लूपमधला (पाण्याच्या फेऱ्यातला) सगळ्यात वरचा भाग असेल तर हवा पंपात येऊन बसते. म्हणून रेडिएटर छताला लावणं उत्तम. समोर लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहिलं पाहिजे आणि शक्यतो पाइप खालच्या बाजूला यावेत. कॅबिनेटच्या तळाला रेडिएटर नकोच. सुरू करताना गुळगुळ आवाज येत असेल तर पीसी चालू ठेवून कॅबिनेट सावकाश पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवा. आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी तिची केबल काढून ठेवा. आवाज गेला आणि आठवड्याने परत आला तर रेडिएटरची जागा बदला. जागा योग्य असूनही येत असेल तर पाणी बरंच कमी झालंय.

दुसरं, गाळ. हा सगळ्यात चिवट. सीपीयूला टेकणारी कोल्ड प्लेट तांब्याची, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि दोघांना जोडणारं एकच पाणी. दोन वेगळे धातू एका पाण्यात आले की गंज धरतोच. त्याला रोखण्यासाठी कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं घातलेली असतात. ती कमी पडली, संपली किंवा मुळात मिश्रणच चुकलेलं असलं की कण तयार होतात आणि नेमके कोल्ड प्लेटच्या फिन्समध्ये अडकतात, कारण साऱ्या लूपमधली सगळ्यात अरुंद वाट तीच. एमएसआयने २०२१ मध्ये आपल्या मॅग कोअरलिक्विड २४०आर आणि ३६०आर मॉडेलांमध्ये असा साका साचत असल्याचं मान्य करून कूलर बदलून द्यायची तयारी दाखवली होती. म्हणजे ही काही गल्लीतल्या मेकॅनिकची कल्पना नव्हे.

वॉरंटी संपलेला असा एक कूलर आम्ही उघडला होता, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका स्टुडिओतला. तिथे पेस्ट वारंवार बदलली गेली होती. ब्लॉकचे स्क्रू काढून प्लेट उलटी केली तर फिन्सचा मधला पट्टा, नेमका सीपीयूच्या डोक्यावर येणारा, करड्या-हिरव्या लगद्याने भरलेला. कडेच्या फिन्स अजून चमकत होत्या. पाणी सोपी वाट धरून कडेकडेने जात होतं आणि मधला भाग कोरडा तापत होता. टूथब्रशने लगदा निघाला, पण तो कूलर पुन्हा ग्राहकाच्या मशीनवर चढवला नाही. एकदा उघडलेल्या सीलची खात्री कोण देणार?

तिसरं, पंप सरळ बंद. यात गोंधळ नसतो. विंडोज उघडेपर्यंतच ८०-९० अंश, लोड देताच काही सेकंदांत १००, आणि ब्लॉकवर बोट ठेवलं तर कंप नाही. पीसी बंद करा, कूलर बदला.

या तिन्हींत काही सापडलं नाही तर आता खुशाल पेस्ट आणि पकड तपासा. ब्लॉक काढल्यावर पेस्टचा ठसा बघा. एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड असेल तर स्क्रू असमान आवळलेत. स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे करून आवळायचे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर ब्लॉक काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करून घ्या आणि ब्लॉक डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर लांबट चिप लॅचच्या दाबाने मधोमध किंचित वाकते, तिथे लॅचऐवजी कॉन्टॅक्ट फ्रेम (सारखा दाब देणारी चौकट) लावून काही अंश उतरतात.

लिक्विड आणि खोलीतला फरक वाढलाय तर

इथे फारसं डोकं लावावं लागत नाही, हात मात्र मळतात. पंखे रेडिएटरवर हवा फेकतात तेव्हा धूळ पंखा आणि रेडिएटर यांच्या मध्ये बसते. बाहेरून बघितलं तर पंखाही स्वच्छ दिसतो आणि रेडिएटरची दुसरी बाजूही. पंखे सोडवल्यावर कळतं की फिन्सवर नमद्यासारखा एकसंध थर धरलाय आणि तो नखाने उचलला तर पट्टीच्या पट्टी निघून येते. आमच्याकडे उन्हाळ्यात खोलीत डेझर्ट कूलर चालतो. त्याच्या दमट हवेत धूळ अशी चिकटते की नुसत्या ब्लोअरने हलत नाही. मऊ ब्रशने आधी सुटी करायची, मग ब्लोअर, तोही स्वच्छ बाजूने धुळीच्या बाजूकडे. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने भन्नाट फिरवलं की बेअरिंग खराब होतं. किनारपट्टीवर राहत असाल तर फिन्सवर पांढरट बुरशीसारखे डाग दिसतात. ते खाऱ्या हवेचं ॲल्युमिनियमवरचं काम आहे, घासून फिन्स वाकवू नका.

पंखे परत लावताना स्क्रू तेच वापरा. पंख्याची जाडी २५ मिलिमीटर आणि सोबत आलेले स्क्रू ३० मिलिमीटरच्या आसपास. डब्यात सापडला म्हणून त्याहून लांब स्क्रू पिळलात तर तो थेट पाण्याच्या वाहिनीत घुसतो.

पंख्याचा कर्व्ह शक्य असेल तर लिक्विडच्या तापमानाशी बांधा. सीपीयूशी बांधला तर ब्राउझर उघडला तरी पंखे उसळतात, मग वैतागून माणूस तो कर्व्ह इतका खाली आणतो की रेंडरच्या वेळी हवाच पुरत नाही. रेडिएटर समोर असेल तर त्याला खोलीची ताजी हवा मिळते, छताला असेल तर ग्राफिक्स कार्डाची गरम हवा. गेम खेळताना लिक्विड तापतं पण नुसत्या सीपीयू चाचणीत तापत नाही, असं झालं तर कारण हेच.

आणि ऋतू. बहुतेक उत्पादक लिक्विडची कमाल मर्यादा ६० अंश सांगतात. खोली २५ असताना लिक्विड ४० राहत असेल, तर मे महिन्यात ४० अंशांच्या बंद खोलीत तेच ५५ होणार. विदर्भात बाहेर ४५ असतं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत हे सहज घडतं. जानेवारीतला आकडा मे महिन्यात अपेक्षू नका, दोन फरक बघा. ते बदलले नसतील तर कूलर धडधाकट आहे. अशा वेळी प्रोसेसरची मर्यादा ३०-४० वॅटने कमी करा. रेंडरला थोडासाच जास्त वेळ लागतो.

गळती

गळतीची भीती लोकांना सगळ्यात जास्त, प्रत्यक्षात ती बरीच कमी दिसते. पण होते. ॲपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ मध्ये लिक्विड कूलिंग दिलं होतं आणि त्यातल्या कित्येक मशीन पुढे गळून आतून खराब झाल्या. आर्क्टिकने २०२२ मध्ये लिक्विड फ्रीझर २ च्या काही उत्पादनातलं गॅस्केट (रबरी सील) सदोष असल्याचं जाहीर केलं. रबरातल्या जास्तीच्या गंधकाची कोल्ड प्लेटच्या तांब्याशी रासायनिक क्रिया होऊन गळतीचा धोका होता. त्यांनी सर्व्हिस किट फुकट दिलं. तुमच्याकडे त्या काळातला असेल तर तेवढं तपासून घ्या.

लक्षणं आधी दिसतात: फिटिंगजवळ पांढरट किंवा हिरवट खपली, चिकट ओल, ग्राफिक्स कार्डाच्या बॅकप्लेटवर वाळलेल्या थेंबाचा डाग. दर दोन-तीन महिन्यांनी मोबाइलचा टॉर्च मारून बघायला एक मिनिट लागतं. ओल दिसली तर शटडाउनची वाट बघू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. ‘कूलंट वीज वाहत नाही’ या भरवशावर राहू नका. धातूचे कण आणि बोर्डावरची धूळ मिसळली की वाहते.

पाणी भरता येतं का, हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक एआयओंना भरण्याचं तोंडच नसतं. बी क्वाएटच्या सायलेंट लूप २ सारख्या काहींना ते असतं, तिथे कंपनीचंच कूलंट घालावं. सुटे भाग जोडून कस्टम लूप बनवणाऱ्यांनी घरच्या आरओचं पाणी घालू नये, त्यात क्षार उरलेलेच असतात. तयार कूलंट घ्या, वर्षाला बदला आणि दुधाळ रंगाच्या कूलंटच्या मोहात पडू नका, त्यातलं रंगद्रव्यच खाली बसतं.

माझं मत विचाराल तर ऑफिस, क्लास, दवाखाना, जिथे पीसीकडे वर्षानुवर्षं कोणी बघणार नाही, तिथे दोन पंख्यांचा मोठा एअर कूलर लावावा. त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा, आणि तो बाजारात कुठेही मिळतो. २०० वॅटच्या पुढची चिप तासन्‌तास राबवायची असेल तिथे ३६० चा एआयओ त्याची किंमत वसूल करतो, पण पाच-सहा वर्षांनी तो बदलावा लागणार हे धरूनच घ्यावा. वॉरंटीही साधारण तेवढीच असते.

वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ब्लॉक उघडू नका, सील तुटलं की दावा गेला. रेडिएटरवरच्या किंवा ब्लॉकवरच्या सिरीयल नंबरचा फोटो कूलर बसवण्याआधीच काढून ठेवा, नंतर तो स्टिकर पंख्यांमागे दडतो. ‘गरम होतं’ एवढंच लिहून पाठवलं तर सर्व्हिस सेंटरवाले आयडलला पाच मिनिटं चालवून ‘दोष नाही’ म्हणून परत करतात. त्याऐवजी खोली, लिक्विड, सीपीयू आणि वॅट हे चारही आकडे असलेला अर्ध्या तासाचा लॉग जोडा. बिल, ब्रॅकेट, स्क्रू सगळं सोबत मागतात का ते आधी फोन करून विचारा. कूलरची बॅकप्लेट मागत नसतील तर ती स्वतःकडेच ठेवा. बदलून आलेल्या खोक्यात ती असेलच असं नाही.